आज नाही, उद्या बँकेतून

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सोयाबीनची सोंगणी आटोपली, कापसाचे चुकारे हातात यायला लागले, की आपल्या भागात वर्गणीच्या गाड्याही येतात. पेरणीच्या ओढाताणीत त्या फिरकत नाहीत. दिवाळी ते मकरसंक्रांत मात्र आठवडी बाजार, एसटी स्टँड, जिनिंगचं फाटक, बाजार समितीचा काटा, एकही जागा सुटत नाही. भोंगा लावलेली जीप, मागे गायीचा किंवा अनाथ लेकरांचा फ्लेक्स, हातात पावती बुकं घेतलेले तीन-चार पोट्टे. गणपती, शारदा-दुर्गा, भागवत सप्ताह, हनुमान जयंतीचा महाप्रसाद यांची वर्गणी निराळीच. लोक वैतागले आहेत, पण दारात कोणी बोलत नाही. ‘घे बाप्पा पन्नास आन् जाय’ म्हणून मोकळे होतात. तो पन्नासाचा कागद पुढे कुठे जातो आणि तो देण्याआधी काय पाहावं, एवढ्यापुरतं हे पत्र आहे.

आग्रहाच्या सगळ्या युक्त्यांचं मूळ एकच असतं: माणसाला विचार करायला दोन मिनिटं मिळू द्यायची नाहीत. आधी कपाळाला गंध, हातावर प्रसाद, खिशाला बिल्ला, आणि मग पावती. वही उघडतात तीही नेमकी अशा पानावर, जिथे ओळखीच्या दुकानदाराच्या नावापुढे ५०१ लिहिलेलं असतं. त्याने ५१ दिले असतील, तर मध्ये एक शून्य घालायला कितीसा वेळ लागतो? काही पावत्यांवर आकडा आधीच छापलेला असतो, म्हणजे ‘दहा घ्या’ म्हणायची सोयच नाही. घरी बाईमाणूस एकटी दिसली की तिघंही ओसरीवर चढतात. याला भांडण हा उतारा नाही. उतारा आहे उशीर. ‘संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक आणि खाते क्रमांक लिहून द्या. आज नाही, उद्या बँकेतून टाकतो,’ असं म्हणायचं आणि तिथेच थांबायचं. खऱ्या संस्थेचा माणूस कागद देतो, पाणी पितो, पुढच्या घरी जातो. टक्क्यावर काम करणारा हलत नाही, कारण खात्यात थेट गेलेल्या पैशातून त्याला आपला वाटा आधी काढून घेता येत नाही.

टक्केवारीचा हा हिशेब एकदा मांडूनच पाहावा. भाड्याची जीप, डिझेल आणि चालक मिळून दिवसाचे अडीच हजार धरा. चार पोरांची मजुरी, चहा-जेवण यांचे दोन हजार. झाले साडेचार हजार. घरामागे पन्नास रुपये मिळाले, तर पहिली नव्वद घरं फक्त गाडी फिरवण्यात संपतात. तीनशे घरांच्या गावात निम्म्या घरांनी दिलं, म्हणजे जमले साडेसात हजार. उरलेल्या तीन हजारांतून पोरांची टक्केवारी आणि ठेकेदाराचा वाटा. गायीच्या कुटाराला काय राहिलं? हो, ठेकेदारच. बऱ्याच ठिकाणी संस्था आपली पावती बुकं अशा माणसाला ठरावीक रकमेवर देऊन टाकते आणि वर्षभर तिकडे पाहत नाही. यात खोटी संस्था असावीच लागत नाही. संस्था खरी, नोंदणी खरी, चार गायीही खऱ्या, आणि तरीही आपल्या पन्नासातले दोन-चार रुपयेच तिथवर पोहोचतात. ‘संस्था खरी आहे का’ एवढंच विचारून म्हणूनच भागत नाही. ‘तुम्हाला पगार आहे की टक्केवारी’ हेही विचारावं. प्रश्न साधा आहे, पण उत्तर देताना चेहरा बरंच काही सांगतो.

आता पावती कशी वाचायची ते. वरच्या बाजूला मोठ्या अक्षरात ‘शासनमान्य’ आणि ‘रजि. नं.’ असतं. नोंदणी म्हणजे शासनाची शिफारस नव्हे. ती संस्था कागदावर अस्तित्वात आहे, इतकाच तिचा अर्थ. सात माणसं एकत्र येऊन १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली सोसायटी नोंदवू शकतात. त्या नोंदणीचा क्रमांक ‘महा.’ या अक्षरांनी सुरू होतो, पुढे वर्ष आणि कंसात जिल्हा असतो. सार्वजनिक न्यास, म्हणजे ट्रस्ट म्हणून धर्मादाय कार्यालयात झालेल्या नोंदणीचा क्रमांक निराळा. त्यात ए, ई, एफ असं अक्षर, मग आकडा आणि जिल्हा येतो. सोसायटी म्हणूनही नोंदलेल्या संस्थांना बहुधा ‘एफ’ असतो. पावतीवर नुसता ‘महा.’चा क्रमांक असेल, तर दुसरा क्रमांक विचारा. ‘नीती आयोगाकडे नोंदणी’ असंही छापतात. तो स्वयंसेवी संस्थांच्या माहितीसाठीच्या दर्पण पोर्टलचा क्रमांक असतो, संस्था स्वतःच माहिती भरून तो मिळवते, तेव्हा त्याचा दबदबा मानायचं कारण नाही. कंसातला जिल्हाही पाहा. गाडी यवतमाळात फिरते, नोंदणी दुसऱ्या टोकाच्या जिल्ह्यातली, आणि आश्रमाचा पत्ता म्हणून फक्त मोबाइल नंबर, असं दिसलं तर पावती परत द्यावी.

क्रमांक मिळाला की तो तपासता येतो. न्यासांची नोंदवही धर्मादाय कार्यालयात असते आणि तिचा उतारा अर्ज करून, फी भरून मिळतो. विश्वस्तांची नावं त्यात असतात. विश्वस्त बदलले की बदल अर्ज करावा लागतो, आणि घोटाळा नेमका इथेच सापडतो: पावतीवर ‘अध्यक्ष’ म्हणून सही करणाऱ्याचं नाव उताऱ्यात नसतंच. लेखापरीक्षणाचा अहवाल संस्थेने दरवर्षी सादर करायचा असतो. ज्या संस्थेने तो कित्येक वर्षं दिलेला नाही, तिने दारोदार हात पसरू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. नागपूर आणि अमरावतीला सहधर्मादाय आयुक्त बसतात, जिल्ह्याच्या ठिकाणीही या खात्याचं कार्यालय आहे. तालुक्याहून एक चक्कर पडते खरी, पण गावातल्या एकाने आणलेला उतारा सगळ्या गावाला पुरतो.

पावती बुकाचंही एक शास्त्र आहे. बूक शिवलेलं असावं, प्रत्येक पावतीवर छापील अनुक्रमांक असावा आणि खाली स्थळप्रत. सुट्या पावत्यांच्या गठ्ठ्यावर पैसे देऊच नयेत. कार्बन उलटा ठेवला किंवा खालच्या पानापर्यंत पोहोचूच दिला नाही, की वर ५०० आणि खाली नंतर सावकाश ५० लिहिता येतात. म्हणून पावती लिहून झाली की वरचं पान उचलून खालचं पाहावं. यात लाजण्यासारखं काही नाही, कृषी केंद्रात बियाण्याचं बिल आपण असंच तपासतो. रक्कम अक्षरी लिहिलेली हवी, जमल्यास आपल्याच हाताने. ‘पावती नको, देवाला कशाला पावती’ असं आपणच म्हणतो, तेव्हा त्या रकमेचा माग कायमचा पुसला जातो.

८०-जीचं गाजर दाखवतात, त्याबद्दल थोडं. ही आयकरातली सवलत आहे. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, म्हणजे निव्वळ कास्तकाराला या पावतीचा उपयोग शून्य. नोकरदाराने नवी कररचना घेतली असेल तर त्यालाही ही वजावट मिळत नाही. जुन्या रचनेतल्या माणसाला मिळते, पण रोख २,००० रुपयांपर्यंतच. त्यावरची देणगी चेकने किंवा खात्यातून गेली पाहिजे. शिवाय नुसती पावती पुरत नाही. संस्थेने वर्ष संपल्यावर देणगीदारांचं विवरण आयकर खात्याकडे भरून ‘१०-बीई’ नमुन्यातलं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यासाठी देणाऱ्याचा पॅन किंवा आधार क्रमांक लागतो. जो तुमचा पॅन विचारतच नाही आणि तरीही ‘टॅक्समध्ये सूट मिळेल’ म्हणतो, तो थाप मारतो आहे.

पानठेल्यावर, हॉटेलच्या गल्ल्यावर ठेवलेल्या दानपेट्यांची गोष्ट जवळपास तशीच. पेटी ठेवणारा एकदा येतो, परत उघडायला दुसराच कोणीतरी येतो. दुकानदाराने तीन गोष्टी कराव्यात: पेटी ठेवताना संस्थेचं पत्र घ्यावं, पेटी आपल्या समोरच उघडायला लावावी, आणि मोजलेल्या रकमेची पावती दुकानाच्या नावाने मागावी. क्यूआर कोड असेल तर नखाने कड उचलून पाहावी, एकावर एक दोन स्टिकर नाहीत ना. पैसे पाठवण्याआधी मोबाइलवर नाव दिसतं, ते संस्थेचं असलं पाहिजे. एखाद्या माणसाचं नाव आलं तर तो पैसा त्या माणसाच्या खात्यात चालला आहे. ‘चुकून जास्त आले, परत करतो, हे स्कॅन करून पिन टाका’ असं कोणी म्हटलं तर सरळ नकार द्यावा, कारण पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर ताबडतोब १९३० वर फोन करावा. जितका उशीर, तितकी ती रक्कम खात्याखात्यांतून पांगते.

धान्याची वर्गणी हा तर खास आपल्याकडचा प्रकार. खळ्यावर मॅटॅडोर उभी राहते आणि पावतीवर लिहितात ‘१ कट्टा सोयाबीन’. कट्टा तिसाचाही असतो आणि साठाचाही. किलो लिहिल्याशिवाय ती पावती निरर्थक आहे. गोळा झालेला माल कुठल्या व्यापाऱ्याला, काय भावाने विकला, हे मंडळाच्या ताळेबंदात आलं पाहिजे. रोख वर्गणीचा हिशेब फलकावर लावणारी मंडळंही धान्याच्या रकान्यात गप्प असतात. याहून चीड आणणारी बाब म्हणजे व्यापाऱ्याच्या हिशेबपट्टीवर ‘धर्मादाय’ म्हणून कापलेले पाच-दहा रुपये. शेतकऱ्याला न विचारता कापलेला पैसा हे दान होत नाही. पट्टी फाडू नका. तीच जोडून बाजार समितीच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या.

आजारी लेकराचा फोटो घेऊन फिरणाऱ्यांच्या बाबतीत मन सगळ्यात लवकर विरघळतं, म्हणून तिथे दुप्पट सावध राहावं. रुग्णालयाचं नाव, वॉर्ड आणि केस पेपरवरचा नोंदणी क्रमांक विचारावा आणि तिथे फोन लावावा. बिल खरं असेल तर पैसे रुग्णालयाच्या खात्यात भरावेत, फिरणाऱ्याच्या हातात नाही. आणि माणूस खरोखरच अडलेला असेल तर त्याला पन्नास रुपयांपेक्षा मोलाची माहिती देता येते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत उपचार बसतो का ते रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला विचारायला सांगा. धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. तहसीलचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन तिथल्या समाजसेवा विभागात जायला सांगा. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्ज वेगळा. हे ऐकून जो कागद-पेन काढतो तो गरजू, आणि जो ‘ते सगळं करून झालं, तुम्ही शंभर द्या’ म्हणतो त्याच्याबद्दल अधिक सांगायला नको.

रस्त्यावर दोर धरून गाड्या अडवणं मात्र खपवून घेऊ नये. संध्याकाळच्या उजेडात नायलॉनची दोरी दुचाकीवाल्याला दिसत नाही, ती थेट गळ्याशी येते. देवाच्या नावाने सुरू झालेली गोष्ट दवाखान्यात संपायला एक क्षण पुरतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत एखाद्याची वाट अडवणं हा कलम १२६ खाली गुन्हा आहे. धमकी देऊन, भीती घालून पैसे घेतले तर ते कलम ३०८, म्हणजे खंडणी. तिथे वर्गणी हा शब्द लागू होत नाही. ११२ वर फोन करताना गावाचं नाव आणि जवळचा फाटा किंवा किलोमीटरचा दगड सांगावा. नोंदणी नसलेल्या मंडळांनाही महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१-क प्रमाणे वर्गणीआधी धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यायची असते. अर्ज ऑनलाइन होतो. सभासदांचा ठराव, ओळखपत्रं, जागेची संमती आणि मागच्या वर्षीचा हिशेब सोबत लागतो. पोरं मागच्या वर्षीच्या हिशेबावरच अडकतात, म्हणून परवानगीच टाळतात. त्यांना शिव्या देण्यापेक्षा गावातल्या एखाद्या निवृत्त मास्तरांनी दोन संध्याकाळ त्यांच्यासोबत बसून हिशेब लिहून द्यावा. हे काम वाटतं तेवढं अवघड नाही.

सगळंच मागणं एका तागडीत तोलू नये. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी घेऊन आलेल्या पोरांना बोजारा द्यायचाच असतो, आणि मेळघाटात होळीनंतर फगवा मागतात ती तिथली रीत आहे, रस्त्यावरची लूट नव्हे. ७ डिसेंबरचा सशस्त्र सेना ध्वजदिन निधी सरकारी आहे, मात्र तोही ऐच्छिकच. दाखला देताना तो कुणाच्या माथी मारता येत नाही. आणि पहाटेचा वासुदेव, बहुरूपी, गोंधळी, नाथजोगी यांना पावती विचारू नका. ते संस्थेचं नाव सांगत नाहीत, भोंगा लावत नाहीत, मूठभर दाणे घेऊन पुढे जातात. द्यायचं नसेल तर ‘पुढे जा महाराज’ एवढं पुरतं. अनोळखी भिक्षेकऱ्याबद्दल संशय आला तर पोलीस पाटलांना कळवा, मोबाइलवर अफवा फिरवू नका. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना मुलं पळवणारे समजून जमावाने ठार मारलं. त्यांतले बहुतेक जण पोटासाठी सोलापूर जिल्ह्यातून आले होते. वर्गणीवाल्यांवरचा राग अशा माणसांवर निघता कामा नये, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

दान द्यायला आपला मुलूख कधीच मागे नव्हता. शेंडगावच्या गाडगेबाबांमागे लोकांनी पैसा उभा केला आणि त्यातून पंढरपूर, नाशिक, आळंदीला धर्मशाळा झाल्या. वरोऱ्याजवळचं आनंदवन देणगीदारांच्या आधारानेच वाढलं. अशा ठिकाणी पैसे पाठवायला जीप यावी लागत नाही. पण भोंगेवाल्यांना देऊन विटलेला माणूस खऱ्या संस्थेचं पत्र आलं तरी ‘सगळे सारखेच’ म्हणून बाजूला टाकतो. ज्यांचा हिशेब चोख आहे, त्यांना बसणारा हा फटका कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

गावपातळीवर एक गोष्ट लगेच करता येईल. ग्रामपंचायत कोणाला गावात यायला मनाई करू शकत नाही, पण नोंद ठेवू शकते. १०० पानी वही, तिच्यात आठ रकाने: तारीख, संस्थेचं नाव, नोंदणी क्रमांक, फिरणाऱ्याचं नाव, ओळखपत्राचा प्रकार, गाडीचा नंबर, पावती बुकाचे क्रमांक कुठून कुठपर्यंत, आणि जाताना किती पावत्या फाटल्या. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा, तो भरून घेतल्याशिवाय वही बंद करू नये. वही ग्रामपंचायतीच्या शिपायाकडे, सुटीच्या दिवशी पोलीस पाटलांकडे. वेळ सकाळी दहा ते पाच, भोंगा बंद. गावात शिरताना डाव्या हाताला फलक: ‘वर्गणी व देणगी मागणाऱ्यांनी आधी ग्रामपंचायतीत नोंद करावी. नोंद केलेल्यांनाच गावकरी देणगी देतील.’ चार बाय तीनचा पत्रा आणि पेंटरची मजुरी एवढाच खर्च. शक्यता अशी की निम्म्या गाड्या तो फलक वाचूनच वळतील. अडचण एकच येते: आपल्याच गावच्या मंडळाला सूट द्यायची टूम निघते. ती दिली की वहीचा जीव गेला. वहीतली पहिली नोंद गावच्या गणेश मंडळाचीच असावी.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत हा ठराव मांडायचा असेल तर विषय आधी सरपंच किंवा ग्रामपंचायत अधिकाऱ्यांकडे (पूर्वीचे ग्रामसेवक) लेखी द्यावा, आयत्या वेळच्या विषयांत तो गोंधळात बुडतो. आपल्या दैनिकाला विनंती इतकीच, की तालुका पानावर दर वर्षी दिवाळीच्या आठवड्यात जिल्ह्याच्या धर्मादाय कार्यालयाचा पत्ता आणि कार्यालयाची वेळ एका चौकटीत छापावी. कापूस निघायच्या आत छापली तर अधिक बरं.

आपले,
संस्थांचे हिशेब लिहिणारे व तपासणारे तिघे वाचक,
ता. दारव्हा, जि. यवतमाळ